मुलगा काय करतो? : 'वॉशिंग्टन स्क्वेअर'मधल्या बापाविषयी

अमेरिकन कादंबरीकार हेन्री जेम्सच्या 'वॉशिंग्टन स्क्वेअर' या कादंबरीतला बाप आपल्या मुलीच्या प्रियकराला पहिल्या एकदोन भेटींतच जोखतो आणि त्याचा अंदाज शेवटच्या पानापर्यंत खोटा ठरत नाही. मुलगा देखणा आहे, बोलायला गोड आहे आणि पैशासाठी आलेला आहे. एरवी अशा कथांमध्ये बाप चुकलेला असतो, प्रेमी खरा निघतो आणि वाचक सुखावतो. नाहीतर बाप बरोबर ठरतो, मुलगी पस्तावते आणि वडीलधाऱ्यांचे समाधान होते. जेम्सने या दोन्ही वाटा सोडून दिल्या. त्याच्या कादंबरीत बाप बरोबर आहे आणि तरीही त्या घरातला सर्वांत मोठा अपराध बापाचाच आहे. हे कसे, याचा विचार करता करता मला असे वाटू लागले की या अपराधाचे मूळ त्या बापाच्या, म्हणजे डॉक्टर स्लोपर यांच्या, स्वभावात जितके आहे तितकेच ते त्यांच्या मोहल्ल्यात, म्हणजे सुस्थित माणसे एकमेकांची किंमत ज्या मापाने करतात त्या मापात आहे.

कथानक थोडक्यात सांगता येते. ऑस्टिन स्लोपर हे न्यूयॉर्कमधले नामांकित, हुशार, तिरकस बोलणारे डॉक्टर. पत्नी मुलीच्या जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आतच गेली. त्याआधीचा मुलगा तीन वर्षांचा होऊन वारला होता. उरली ती कॅथरिन, साधी, लाजरी, रूपाने बेताची, बुद्धीने संथ आणि वडिलांवर जीव टाकणारी. तिला आईकडून आलेले वर्षाचे दहा हजार डॉलरचे उत्पन्न आहे आणि वडिलांच्या पश्चात ते तीस हजारांवर जाईल अशी सर्वांचीच समजूत आहे. एका नातलग मुलीच्या साखरपुड्याच्या समारंभात तिला मॉरिस टाउनसेंड भेटतो. त्याने स्वतःची छोटीशी मिळकत परदेशी फिरण्यात उडवलेली आहे आणि आता तो विधवा बहिणीच्या घरी राहून 'काहीतरी पाहतो आहे'. वडील नकार देतात, मुलगी वाट पाहते, वडील वारशातून वगळण्याची भीती घालतात, आणि रक्कम तीसवरून दहावर आली हे पक्के झाल्यावर मॉरिस निघून जातो. कादंबरी खरे तर त्यानंतरच्या पानांत मोठी होते. पण त्याकडे मी नंतर येईन.

ही गोष्ट मुळात न्यूयॉर्कची नव्हतीच. 1879 च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये फॅनी केंबल या प्रसिद्ध नटीने जेम्सला आपल्या भावाची हकिगत सांगितली. भाऊ सैन्यातला कनिष्ठ अधिकारी, अतिशय देखणा आणि तितकाच आपमतलबी. केंब्रिजमधल्या एका महाविद्यालयाच्या प्रमुखांची साधीसुधी मुलगी त्याच्या प्रेमात पडली, वडिलांनी पैसा देणार नाही असे बजावले, भावाने काढता पाय घेतला, आणि वडील वारल्यावर कित्येक वर्षांनी तो परत आला तेव्हा मुलीने त्याला नकार दिला. जेम्सने हे आपल्या वहीत टिपून ठेवले आणि पुढच्याच वर्षी, 1880 मध्ये, इंग्लंडच्या 'कॉर्नहिल' आणि अमेरिकेच्या 'हार्पर्स' या मासिकांतून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. सांगाडा जवळजवळ तसाच ठेवून त्याने फक्त गाव बदलले. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्लंडमध्ये माणसाची पायरी जमिनीने आणि घराण्याने ठरत असे, तर न्यूयॉर्कमध्ये ती ठरवायला असे जुने, तयार माप नव्हते. तिथल्या सुस्थित लोकांना ते स्वतःच घडवावे लागले.

ते माप कोणते, हे जेम्स पहिल्याच परिच्छेदात, वैद्यकी व्यवसायाचे कौतुक करण्याच्या मिषाने सांगून टाकतो. या देशात समाजात वावरायचे तर माणसाने पैसा मिळवला पाहिजे किंवा निदान मिळवत असल्याचा देखावा तरी केला पाहिजे, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. पहिल्या वाचनात ते नुसते खुसखुशीत वाटते. कादंबरी संपवून पुन्हा तिथे आल्यावर सगळा खटला त्या एका वाक्यात भरलेला दिसतो.

कारण त्याच प्रकरणात आपल्याला कळते की डॉक्टरांचे स्वतःचे लग्न कसे झाले होते. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वडिलार्जित मिळकतीतला भावंडांत वाटून आलेला बेताचा हिस्सा एवढेच जवळ असताना, त्यांनी कॅथरिन हॅरिंग्टन या मुलीशी लग्न केले. ती गावातल्या देखण्या मुलींपैकी एक, डझनभर इच्छुकांनी घेरलेली आणि वर्षाला दहा हजार डॉलरचे उत्पन्न असलेली. लग्न प्रेमाचे होते, असे जेम्स स्पष्ट सांगतो आणि आपणही त्यावर विश्वास ठेवतो. पण बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसले असेल? श्रीमंत मुलगी, बेताच्या मिळकतीचा हुशार तरुण आणि बरोब्बर दहा हजार डॉलर. एका पिढीनंतर त्याच दहा हजारांभोवती दुसरा एक हुशार, निर्धन तरुण घुटमळू लागतो, तेव्हा डॉक्टरांना त्याच्यात लफंगा दिसतो. दोघांत फरक आहे, यात शंका नाही. डॉक्टर बायकोच्या पैशावर बसून राहिले नाहीत, दुसरा आधारच नाही अशा जिद्दीने त्यांनी व्यवसाय केला. पण मॉरिसकडे पाहताना आपणही एकदा याच दारातून, हेच स्थळ पटकावून आत आलो होतो, हे डॉक्टरांच्या मनाला शिवतसुद्धा नाही. स्वतः आत आल्यावर दार लावून घेणाऱ्या माणसाची ती निश्चिंती आहे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. स्थळ कुठलेही असो, घरात पहिला प्रश्न 'मुलगा काय करतो?' हाच येतो. माणूस कसा आहे, हे त्यामागून, सवडीने विचारले जाते. डॉक्टर स्लोपरही नेमके तेवढेच विचारतात आणि पेनिमन आत्या, म्हणजे डॉक्टरांची घरात राहणारी विधवा बहीण, मॉरिसच्या वतीने गोलमोल उत्तरे देत राहते. तो नोकरी शोधतो आहे, तो बहिणीच्या मुलांना शिकवतो आहे, त्याचे नशीब वाईट आहे. हा संवाद नावे बदलून कोणत्याही बैठकीत खपून जाईल.

चौकशीचे प्रकरण तर मला फारच आवडते. डॉक्टर मॉरिसच्या बहिणीला, मिसेस माँटगोमरीला, भेटायला सेकंड अॅव्हेन्यूवरच्या तिच्या घरी जातात. घर लहान, लाल विटांचे, अगदी नीटनेटके. बाई छोटीशी, गोरी, भेदरलेली. पाच मुले पदरात. डॉक्टर मोठ्या अदबीने बोलतात आणि बोलता बोलता तिची झडती घेतात. ते तिला सांगतात की माणसांचे वर्ग पाडणे, नमुने ओळखणे हाच आपल्या व्यवसायातला सराव आहे. तुमच्या भावाबद्दल व्यक्ती म्हणून आपण चुकूही शकतो, पण त्याचा नमुना त्याच्या सर्वांगावर लिहिलेला आहे. बाई भावाची बाजू घ्यायचा प्रयत्न करते, मग रडू लागते. तिच्याकडे पैसे नाहीत आणि जे आहेत त्यांतले भावाने नेले आहेत, हे न बोलता उघड होते. निघताना ती अखेर म्हणते की तिला त्याच्याशी लग्न करू देऊ नका. डॉक्टरांना हवा होता तो पुरावा मिळाला. वाचकालाही मिळाला. पण एका असहाय बाईकडून तिच्या सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष काढून घेताना डॉक्टरांना जे समाधान होते, ते जेम्स लपवत नाही, आणि मला तरी तिथेच या सभ्य गृहस्थाची पहिल्यांदा भीती वाटली.

डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. कादंबरीतले प्रेमप्रकरण साधारण 1840 च्या दशकात घडते. न्यूयॉर्क राज्याने विवाहित स्त्रीच्या मालमत्तेसंबंधीचा कायदा 1848 मध्ये केला. त्याआधी लग्न झाले की बायकोचा रोख पैसा, भांडवल, जंगम मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई; वडिलांनी आधीच विश्वस्त नेमून बंदोबस्त केला असेल तरच काही वाचे. जेम्स या कायद्याचा उल्लेख करत नाही, पण मॉरिससारखा जावई म्हणजे आईने ठेवलेल्या दहा हजारांवर उदक सोडणे, ही भीती त्या काळच्या कोणत्याही बापाला खरी वाटली असती. नुसत्या हेकेखोरपणाने डॉक्टर नकार देतात, असे म्हणणे म्हणजे पुस्तक सोपे करून टाकणे होय.

तरीही प्रश्न उरतोच, आणि तो मॉरिसविषयीचा नाही. मॉरिस पैशासाठीच आला असेल, तर कॅथरिनसाठी कोणी येऊच शकत नाही असे डॉक्टर का धरून चालतात? त्याचे उत्तर लहानपणापासूनच्या प्रसंगांत विखुरलेले आहे. मुलगी बारा वर्षांची असताना ते बहिणीला बजावतात की हिला हुशार बाई बनव. आत्या विचारते, चांगली असण्यापेक्षा हुशार असणे बरे का? डॉक्टर उलट विचारतात, चांगली म्हणजे कशासाठी चांगली? हुशार नसलेला माणूस कशाच्याच उपयोगाचा नाही. कॅथरिन खाण्याची शौकीन आहे, ती कोठीतले बेदाणे चोरत नाही, पण खाऊच्या पैशांतून क्रीम केक घेते. एवढी तिची बंडखोरी. मोठी झाल्यावर तिला भडक कपड्यांची आवड लागते. स्वतःला नीट बोलता येत नाही म्हणून ती कपड्यांकडून बोलवून घेते, असे काहीसे जेम्स म्हणतो. त्या साखरपुड्याच्या समारंभाला ती सोनेरी झालरीचा लाल सॅटिनचा पोशाख घालून जाते. वडील भेटतात आणि म्हणतात, ही भव्य व्यक्ती माझी मुलगी, हे शक्य आहे का? मग म्हणतात, तुझ्याकडे वर्षाला ऐंशी हजार असावेत असे तू दिसतेस. बिचारी म्हणते, पण ते नाहीत तोवर... आणि वाक्य तिथेच राहते.

हा विनोद मी पुन्हा पुन्हा वाचला. मुलगी नटून समोर उभी राहिली असता बापाला पटकन सुचते ती डॉलरची रक्कम. त्याच संध्याकाळी, त्याच पोशाखात तिला मॉरिस भेटतो, आणि त्याच्याही डोक्यात रक्कमच असते. फरक इतकाच की तो ती बोलून दाखवत नाही आणि तिला चार गोड शब्द ऐकवतो. बाप ज्या तराजूत मुलीला तोलतो त्याच तराजूत मुलाने तिला तोलले, म्हणून बाप मुलाला दोष देतो. पैशाच्या बाबतीत दोघांची भाषा एकच असल्यामुळेच डॉक्टरांना मॉरिस इतका लवकर कळला.

पेनिमन आत्येबद्दल फार लिहीत नाही. गरीब पाद्र्याची विधवा, तात्पुरती म्हणून भावाकडे आलेली आणि कायमची राहिलेली, प्रेमकथांच्या नादाने भरलेली. ती मॉरिसला चोरून भेटायला सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरच्या कालवे खाण्याच्या दुकानात जाते, तो प्रसंग विनोदी आहे. डॉक्टर मुलीला घेऊन युरोपला गेल्यावर ती मॉरिसला वारंवार घरी बोलावते आणि तो डॉक्टरांच्या अभ्यासिकेत बसून त्यांचे सिगार ओढतो, हा प्रसंग मात्र नुसता विनोदी नाही. त्या खुर्चीत टेकलेला मॉरिस मनाने लग्न लावून मोकळा झालेला आहे, त्यात नवरी तेवढी नाही.

वडिलांनी नकार दिल्यानंतर कॅथरिन एक दिवस त्यांच्याकडे येऊन सांगते की मी तुमचे ऐकणार नसेन तर तुमच्या घरात राहून तुमच्या आधाराचा लाभ घेणे मला योग्य वाटत नाही. इतकी नेकीची गोष्ट पुस्तकात दुसरे कोणी बोलत नाही. डॉक्टर क्षणभर चमकतात. मग म्हणतात, ही कल्पना अभिरुचीला सोडून आहे. टाउनसेंडने शिकवली का? ती म्हणते, नाही, माझीच आहे. मग ती स्वतःपाशीच ठेव, असे ते सांगतात. हुशारीचा एवढा सोस असलेल्या माणसासमोर त्याची मुलगी आयुष्यात प्रथमच स्वतःचा, स्वच्छ विचार घेऊन येते आणि त्याला तो ओळखू येत नाही. वर्ग पाडण्याची इतकी सवय झालेली की समोरची व्यक्ती वर्गातून बाहेर आली, हे दिसेनासे झाले.

युरोपच्या प्रवासात, आल्प्समधल्या एका ओसाड खिंडीत, संध्याकाळ होत असताना डॉक्टर मुलीला विचारतात की तू अजून त्याला सोडले नाहीस का. मग तिला सांगतात की मी फार चांगला माणूस नाही, वरून गुळगुळीत दिसत असलो तरी आतून संतापी आहे. अशा ठिकाणी उपाशी मरायला सोडले तर तुला आवडेल का, असेही विचारतात. कॅथरिन घाबरते, पण हलत नाही. परतीच्या आधी ते म्हणतात की या प्रवासाने तुझी किंमत वाढली. त्याच्यासाठी मेंढी कापण्यापूर्वी आपण ती चांगली पोसली. हे वाक्य बाप मुलीला उद्देशून बोलतो, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रवासाहून आलेली कॅथरिन वेगळी आहे. तिला कळून चुकले आहे की वडिलांचे आपल्यावर प्रेम नाही, आपली तुलना सतत मेलेल्या आईशी होत आली आहे आणि यात वडिलांचाही इलाज नाही. ती हे मॉरिसला शांतपणे सांगते. मॉरिसला त्यातून एवढेच ऐकू येते की म्हाताऱ्याचे मन वळणार नाही, म्हणजे वीस हजार गेले. काही आठवड्यांतच न्यू ऑर्लिन्समधल्या कापसाच्या व्यवहाराचे निमित्त काढून तो दूर होतो.

आता वॉशिंग्टन स्क्वेअरविषयी. ज्या चौकाला आज जग ओळखते, तिथे 1797 पासून 1825 पर्यंत गोरगरिबांची आणि साथीत मेलेल्यांची दफनभूमी होती. हजारो माणसे त्या जमिनीत आहेत. मग तिथे कवायतीचे मैदान झाले आणि 1830 च्या दशकात उत्तरेच्या बाजूला लाल विटांच्या, पांढऱ्या दगडी पायऱ्यांच्या घरांची रांग उभी राहिली. डॉक्टर स्लोपर तिथे राहायला येतात ते 1835 मध्ये. त्याआधीचे त्यांचे घर सिटी हॉलजवळ होते, पण खालच्या भागात व्यापाराची गजबज वाढली, शेजारची घरे कचेऱ्या आणि गोदामे झाली, म्हणून त्यांनी शांततेसाठी उत्तरेला मुक्काम हलवला. 1820 मध्ये या शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास होती, 1850 मध्ये ती पाच लाखांवर गेली. अशा वेगाने वाढणाऱ्या गावात प्रतिष्ठित वस्ती कुठली, याचे उत्तर दर दहा वर्षांनी बदलत होते. कादंबरीत मॉरिसचा चुलतभाऊ आर्थर कॅथरिनला मोठ्या उत्साहाने सांगतो की न्यूयॉर्कमध्ये दर तीन-चार वर्षांनी घर बदलावे, म्हणजे नेहमी सगळ्यांत नवे ते मिळते. जेम्स या तरुणाला हास्यास्पद करतो. पण आर्थर आणि डॉक्टर यांच्यात फरक फक्त गतीचा आहे. व्यापाराच्या पैशापासून दूर, पण त्या पैशाच्या सगळ्या सोयींसह राहायचे, हीच दोघांची धडपड.

जेम्स स्वतः 1843 मध्ये याच चौकापासून काही पावलांवर, वॉशिंग्टन प्लेसवरच्या घरात जन्मला आणि त्याची आजी चौकाच्या उत्तरेला राहत असे. कथा मध्येच थांबवून तो या भागाच्या आठवणीत रमतो, आयलँथसच्या झाडांचा तो विचित्र वास सांगतो, आणि मग असे वाहवत गेल्याबद्दल जणू माफी मागतो. ते झाड आपल्या महारुखाच्याच कुळातले, मूळचे चीनचे, हे कळल्यावर मला त्या वासाची कल्पना करता आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत परतला तेव्हा त्याचे जन्मघर विद्यापीठाच्या इमारतीसाठी पाडले गेलेले होते. आपल्या इतिहासाचा अर्धा भाग कापून टाकल्यासारखे वाटले, असे त्याने लिहून ठेवले आहे.

जर्सी सिटीत राहणाऱ्या भाचीबरोबर मी तो चौक पाहिला आहे. उत्तरेची रांग अजून उभी आहे. लाल विटा, दारांना पांढऱ्या दगडाचे खांब, पुढे काळे लोखंडी कठडे. आणि बहुतेक दारांवर विद्यापीठाच्या विभागांच्या पाट्या. पायऱ्या इतक्या रुंद आहेत की खालून येणाऱ्याला वर पोहोचेपर्यंत घरातल्या माणसाने खिडकीतून पुरते न्याहाळून घ्यावे. मी एका पायरीवर टेकले तेव्हा आतून एक मुलगी हातात लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि मला ओलांडून निघून गेली. भाची म्हणाली, "मावशी, या भागात आता घर घ्यायचं म्हणजे डॉक्टर असूनही भागायचं नाही." ती स्वतः डॉक्टर आहे. समोर कारंज्यापाशी कोणीतरी ढोल वाजवत होते आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात बुद्धिबळाचे पट मांडून माणसे पैज लावणाऱ्यांची वाट पाहत होती. स्टॅनफर्ड व्हाइटने आखलेली संगमरवरी कमान, जिच्यामुळे हा चौक छायाचित्रांत ओळखू येतो, ती 1895 मधली, म्हणजे कादंबरीनंतर पंधरा वर्षांनी आलेली. कॅथरिनच्या खिडकीतून ती कधी दिसली नसणार.

कॅथरिन मात्र त्या घरात राहिली, आणि कादंबरीचा शेवटचा, माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग तिच्या राहण्याचाच आहे. मॉरिस गेल्यावर ती आजारी पडत नाही, सूड घेत नाही, वडिलांपुढे रडत नाही. लग्न कोणी मोडले, हेसुद्धा ती त्यांना नीट सांगत नाही, त्यामुळे आयुष्यभर इतरांचे निदान करणाऱ्या डॉक्टरांना घरातल्याच माणसाचे निदान करता येत नाही. तिला मागण्या येतात. तीन लहान मुलींचा एक विधुर आणि तिच्याहून तरुण असा एक वकील. वकील तिच्यावर मनापासून लुब्ध आहे. म्हणजे तिच्यासाठी कोणी येणारच नाही, हे डॉक्टरांचे गृहीतक खोटे ठरले. पण ते खोटे ठरेपर्यंत ते पोसणाऱ्या घराने तिच्यातले काहीतरी कायमचे आटवून टाकले होते.

बऱ्याच वर्षांनी, म्हातारे झालेले डॉक्टर तिच्याकडून वचन मागतात की माझ्यामागे तू टाउनसेंडशी लग्न करणार नाहीस. लग्न करण्याचा तिचा कसलाही विचार नाही. वचन द्यायला काहीच हरकत नसते. तरीही ती म्हणते, मला सांगता येणार नाही आणि वचनही देता येणार नाही. वाचताना आधी वाटते, हा काय हट्ट? नंतर कळते की तिच्याजवळ आता स्वतःची म्हणावी अशी एवढीच मालमत्ता उरली आहे, आणि ती वडिलांना मृत्युपत्रात धरता येत नाही. डॉक्टर चिडतात आणि इस्टेटीचा पाचवा हिस्सा तेवढा तिच्या नावे ठेवून बाकीचे वेगवेगळ्या गावांतल्या इस्पितळांना आणि वैद्यकीय शाळांना देऊन टाकतात. कारणही लिहून ठेवतात. आईकडून आलेल्या पैशातला फारच थोडा ती खर्च करते, तेव्हा बेइमान लोकांना भुरळ पाडायला तेवढी मालमत्ता पुरेशी आहे, आणि अशा लोकांत तिला अजून रस दिसतो. पेनिमन आत्येला ते मृत्युपत्र अपमानास्पद वाटते. कॅथरिन म्हणते की मला ते आवडले. फक्त थोड्या वेगळ्या शब्दांत असते तर बरे झाले असते. मेलेल्या माणसाला इतके मोजके आणि इतके पुरेपूर उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही. हुशार बाई बनव, असे ज्यांनी बजावले होते ते ऐकायला उरले नव्हते.

एव्हाना श्रीमंत वस्ती आणखी उत्तरेला सरकलेली आहे. तपकिरी दगडाच्या दर्शनी भिंतींची नवी, आटोपशीर घरे वरच्या रस्त्यांवर उभी राहिली आहेत आणि एकट्या बाईने तिथे जावे असे सगळ्यांना वाटते. कॅथरिन जात नाही. तिचे घर आता 'जुने' म्हणवले जाऊ लागले आहे, आणि तिला ते तसेच आवडते. दर तीन-चार वर्षांनी पुढची पायरी चढणाऱ्या या समाजात ती एकटी चढाओढीतून बाहेर पडलेली आहे. तिच्याकडे भाचरे, शेजारच्या तरुण मुली आपली प्रेमप्रकरणे सांगायला येतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही.

या कादंबरीवरून 1947 मध्ये 'द एअरेस' हे नाटक आले आणि 1949 मध्ये विल्यम वायलरने त्यावरून चित्रपट केला. ऑलिव्हिया द हॅविलंडला कॅथरिनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. चित्रपट उत्तम आहे, पण त्यात शेवटी मॉरिस दार ठोठावत राहतो आणि कॅथरिन दिवा घेऊन जिना चढत जाते, म्हणजे सूड पुरा होतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. जेम्सच्या शेवटात टाळीला जागा नाही, आणि म्हणून तो मला अधिक पटतो. जेम्सला स्वतःला हे पुस्तक फारसे आवडत नव्हते; 1907 पासून निघालेल्या आपल्या निवडक साहित्याच्या भव्य आवृत्तीत त्याने ते घेतलेच नाही. लेखकांचे आपल्या पुस्तकांविषयीचे मत फार मनावर घेऊ नये, असे मला अशा वेळी वाटते.

शेवटच्या भेटीत मॉरिस पंचेचाळिशीचा, अंगाने सुटलेला, टक्कल पडत आलेला, दाढी राखलेला असा येतो. त्याला आत घ्यायची व्यवस्था अर्थातच आत्येने केलेली असते. तो जुन्या मैत्रीची भाषा बोलतो. मग विचारतो की तू लग्न का केले नाहीस? तिची इच्छा नव्हती, एवढेच ती सांगते. तो समजूतदारपणे मान डोलावतो, बरोबर आहे, तू श्रीमंत आहेस, मोकळी आहेस, तुला त्यात काही मिळवायचे नव्हते. आणि कॅथरिन त्याचेच शब्द परत करते, मला त्यात काही मिळवायचे नव्हते. बाप आणि प्रियकर, दोघांनीही तिच्याविषयीचा प्रत्येक हिशोब याच एका क्रियापदाच्या आधारे मांडलेला होता. मॉरिस बाहेर येतो, चरफडत आत्येला विचारतो की मग हिने कोणाशीच लग्न का केले नाही? आत्येकडे उत्तर नाही, आणि डॉक्टर असते तर त्यांनाही ते देता आले नसते.